उपाय क्रमांक त्रेचाळीस

खिळेमास्तरांनी आयुष्यात एकच औषध शोधून काढलं, आणि तेही पानातली रिकामी जागा भरायला.

लोक त्यांना मास्तर म्हणत असले तरी त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. एक खिळा म्हणजे एक अक्षर, कधी कधी अर्धंच. असे खिळे डाव्या हातातल्या स्टिकमध्ये एकामागोमाग उभे करायचे, ओळ भरली की पुढची घ्यायची, पान झालं की चारी बाजूंनी दोरी आवळून बांधायचं. हे काम त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं. या काळात त्यांनी जे काही वाचलं ते उलटं वाचलं, त्यामुळे छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायची सवय त्यांना कधी लागली नाही. ती सवय त्यांच्या बायकोला होती.

मास्तर नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी छापखान्यात ‘डोळ्यांचे एकशे एक उपाय’ हे पुस्तक आलं. ग्रंथकर्ते म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांचे स्वतःचे डोळे ठणठणीत होते आणि वैद्यकाशी त्यांचा संबंध जुलाबाच्या गोळीपुरता होता. पण त्यांनी वीस वर्षं गावोगावचे, देशोदेशीचे उपाय जमवले होते आणि हे भांडार आपल्याबरोबर जाऊ नये अशी त्यांना तळमळ होती. जग ते भांडार बुडेल म्हणून काळजीत होतं असं काही दिसत नव्हतं.

पुस्तकात काय नव्हतं! डोळ्यात मध घालावा, हा पहिला उपाय. कांद्याचा रस घालावा, हा दुसरा. हा करणारा माणूस ढसाढसा रडे, आणि रडल्यानं डोळ्यातली घाण निघून जाते हे ग्रंथकर्त्यांचं म्हणणं अगदीच खोटं म्हणता यायचं नाही. रांजणवाडीवर सोन्याची अंगठी घासून ऊन ऊन टेकवावी. अंगठी नसेल तर शेजाऱ्यांची मागावी, त्यांनी कारण विचारल्यास सांगू नये. जिवंत खेकड्याचे डोळे काढून पुरचुंडीत बांधून गळ्यात घालावेत आणि खेकड्याला परत पाण्यात सोडून द्यावं. आंधळ्या खेकड्यानं पुढे काय करावं, याला मात्र पुस्तकात उपाय नव्हता. डोळ्यात गेलेला कण जिभेच्या टोकानं अलगद उचलणाऱ्या एका बाईची हकिगत होती. मोतीबिंदू सुईनं आत ढकलून देणाऱ्या फिरत्या कारागिरांवर तर पाच पानं होती. पट्टी सातव्या दिवशीच सोडावी, असा या कारागिरांचा कडक आग्रह असे आणि सहाव्या दिवशी ते पुढच्या गावाला निघून गेलेले असत. रातांधळ्यानं भाजलेलं यकृत खावं, हा एक उपाय अगदी बरोबर होता. ग्रंथकर्त्यांनी तो अडीच ओळींत उरकला होता.

मास्तर हे सगळं निमूटपणे जुळवत होते. बेचाळीस उपाय झाले, आणि घोळ झाला.

छापखान्याची एक रीत होती. मजकुराचा जो कागद जुळवून संपला, तो फुकट घालवायचा नाही. त्याला शाईचे हात पुसायचे. त्या दिवशी दुपारी मास्तरांनी असेच हात पुसले. चांगले रगडून, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. मग पुढचा कागद समोर लावला तर त्यावर चव्वेचाळीसावा उपाय. त्यांनी हातातला काळा बोळा उलगडून पाहिला. वर कोपऱ्यात ‘उपाय ४३’ एवढं वाचता येत होतं. त्याखाली त्यांची स्वतःची दहा बोटं उमटली होती.

ग्रंथकर्ते दहा दिवसांसाठी पुतणीकडे गेले होते. मशीन त्याच दिवशी मोकळं होतं. छापखान्याचे मालक सकाळपासून कुणावर ओरडावं याच्या शोधात फिरत होते. वेष्टन आधीच छापून झालं होतं आणि त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘एकशे एक’ असं होतं. बेचाळीस आणि चव्वेचाळीस यांच्यामध्ये, पानाच्या तळाशी, अकरा ओळींचं भोक. पान असं भोक ठेवून छापता येत नाही, हे जुळारी मंडळींच्या हाडीमासी खिळलेलं असतं. मास्तरांनी स्टिक उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर कागद नसताना जुळवायला घेतलं.

काय लिहावं? कुणाला अपाय होता कामा नये, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. बारीक टायपानं त्यांचे डोळे दुपारपर्यंत चुरचुरायला लागत. मग ते नळाखाली फडकं ओलं करून घटकाभर डोळ्यांवर टाकत आणि ‘आता हाका मारू नका रे कुणी’ म्हणत. तेच त्यांनी मांडलं. मजकूर असा झाला:

‘उपाय ४३. डोळ्यांची जळजळ, ठणका व मंद दृष्टी यांवर. स्वच्छ सुती कापडाची चौपदरी घडी गार पाण्यात भिजवून पिळावी व मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. रोज दुपारी अर्धा तास स्वस्थ पडून राहावे. कोणतेही काम मनात आणू नये. या वेळात घरातील कोणीही मोठ्याने बोलू नये, भांडी वाजवू नयेत व रुग्णास हाक मारू नये.’

इथे साडेनऊ ओळी झाल्या. दीड ओळ उरली. भांडी वगैरे घालूनही उरली. तेव्हा विचार करायचं सोडून त्यांनी हात मोकळा सोडला, आणि हातानं आपलं काम केलं. पुस्तकातल्या डझनभर उपायांच्या शेवटी एक ठराविक शेपूट होतं. बोटांना ते पाठ झालं होतं. खणाखणांतून खिळे उचलून बोटांनी ते लावून टाकलं: ‘हा उपाय कधीही सोडू नये. उपाय चालू असता डोळ्यांत दुसरे कोणतेही औषध घालू नये.’

अकरावी ओळ काठोकाठ भरली. मास्तरांना बरं वाटलं.

ग्रंथकर्ते परत आले, त्यांनी छापलेलं पुस्तक डोळ्यांना लावलं, आणि त्यांना काहीही कळलं नाही. पण पुढच्या वर्षभरात लोकांची पत्रं यायला लागली. मधाबद्दल नाही, खेकड्याबद्दल नाही, सगळी त्रेचाळीसाव्याबद्दल. ‘डोके हलके झाले.’ ‘घरात शांतता नांदू लागली.’ एका गृहस्थानं लिहिलं होतं की दृष्टीत फरक नाही, पण आता दृष्टीचं एवढं काही वाटत नाही. दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत ग्रंथकर्त्यांनी लिहिलं, ‘त्रेचाळीसावा उपाय माझ्या आजोबांनी अखेरच्या दिवसांत, खोलीतील सर्वांना बाहेर पाठवून, मला एकट्याला सांगितला.’ ही प्रस्तावना जुळवायला मास्तरांकडेच आली. ‘आजोबांनी’ या शब्दापाशी त्यांचा हात थोडा रेंगाळला. मग त्यांनी आजोबाही जुळवून टाकले.

त्याच वर्षी मास्तरांचं लग्न झालं. दोन खोल्यांचं घर, त्यात आई, दोन बहिणी, एक भाऊ आणि ही नवी सून. सकाळी पाण्यापासून तिचं जे सुरू होई ते संपत नसे. आणि तिच्या सासूबाईंना सुनेला बसलेलं पाहिलं की काहीतरी काम आठवे. चार महिन्यांत बाईचं डोकं ठणकायला लागलं. नवऱ्यानं जुळवलेलं पुस्तक म्हणून ती हौसेनं वाचत होती. एके दुपारी ते उघडं पुस्तक तिनं सासूबाईंसमोर धरलं, बासष्टाव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मी काही म्हणत नाही. यात लिहिलंय.”

सासूबाई सबंध आळीला पुरून उरल्या होत्या, पण छापलेल्या अक्षराशी कसं भांडायचं ते त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास त्या घरात भांडं वाजलं नाही. मास्तर जेवणाच्या सुट्टीत घरी येत, तिच्या खाटेच्या डाव्या हाताला एक बुटकं स्टूल होतं त्यावर बसत, कापड सुकलं की भिजवून परत ठेवत. बोलायला अर्थातच बंदी होती. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं त्या दोघांना दिवसाउजेडी जवळ बसायला मिळालं ते एवढंच.

असं असताना खरं सांगायचं कुणी आणि कशाला? आधी मास्तरांना लाज वाटली, मग सवय झाली. पुढे पुढे त्यांना वाटे, हे सांगणं म्हणजे तिचा अर्धा तास तिच्या हातून हिसकावून घेणं. सासूबाई गेल्या, नणंदा नांदायला गेल्या, दीर वेगळा झाला, लेक मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागली, मास्तर निवृत्त झाले. घरात आता दिवसभरच कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तरी अर्धा तास चालू होता.

मग बाई दारांना धडकायला लागली.

आधी दंडावर निळे डाग दिसले. मग ओट्यावरचा पेला कोपरानं पडला, एकदा नाही, आठवड्यात तीनदा. मास्तर बाजूनं जवळ गेले की ती दचके. “अहो, असे भुतासारखे काय येता? खाकरावं तरी!” मास्तर खाकरायला लागले. सुट्टीला आलेल्या लेकीनं हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आईला उचलून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, दिवे लावले, विझवले, आणि सांगितलं, “काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढलाय. यात नजर कडेकडेनं जाते, म्हणून माणसाला कळत नाही. डाव्या बाजूची बरीच गेलीय. गेलेली परत यायची नाही. उरलेली राखायची असेल तर हे थेंब, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.”

“पण मला बारीक अक्षरसुद्धा दिसतं,” बाई म्हणाली.

“मधली नजर शेवटी जाते, आजी. तीही जाईल. दोन महिन्यांनी परत या, आणि थेंब चुकवू नका.”

बाईनं बाटली घरी आणली, फणीशेजारी ठेवली आणि तिला हात लावला नाही. लेक परत गेली. चार दिवस झाले, आठ झाले. मास्तरांनी बाटली पुढे केली की ती म्हणे, “वेड लागलंय का तुम्हाला? माझा त्रेचाळीसावा चालू आहे. त्यात दुसरं औषध चालत नाही. चाळीस वर्षं केलं ते पाण्यात घालवू?” आणि ती पुस्तक काढून शेवटची ओळ वाचून दाखवी, चष्मा न लावता, खणखणीत आवाजात. ती ओळ कुणाच्या बोटांनी लावली होती हे माहीत असलेला जगातला एकमेव माणूस समोर हातात बाटली घेऊन उभा असे.

दहाव्या दिवशी मास्तरांनी मनाचा हिय्या केला. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. कागदाला पुसलेले हात, अकरा ओळी, नळाखालचं फडकं, उरलेली दीड ओळ. “तो उपाय नाही गं. मी जागा भरली फक्त.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली आणि खुदकन हसली. “तुम्ही?”

“मी.”

“तुम्ही औषध काढलंत. तुम्हाला अजून चहात साखर किती ते सांगावं लागतं.” तिनं पदरानं डोळे टिपले, हसून पाणी आलं होतं. “अहो, त्यांच्या आजोबांनी सांगितलंय ते. प्रस्तावनेत छापलंय चक्क. एवढ्या मोठ्या माणसाचं श्रेय लाटायला काही वाटत नाही तुम्हाला?”

मास्तरांनी लेकीला फोन लावला. लेकीनं ऐकून घेतलं आणि मायेनं म्हणाली, “बाबा, आईसाठी तुम्ही किती करताय ते कळतं मला. पण ती असल्या गोष्टींना फसायची नाही. दुसरं काहीतरी सुचतंय का बघा.”

एकंदरीत, मास्तरांनी आयुष्यात एक खोटी गोष्ट सांगितली, ती हजारोंनी मानली; आणि एक खरी सांगितली, ती घरातल्या दोघींनीही मानली नाही. त्यांना राग आला. बायकोचा नाही, स्वतःच्या बोटांचा. त्या रागातच त्यांना पुढची गोष्ट सुचली.

छापखान्यात आता मालकांचा मुलगा संगणकावर फलक छापत असे. मागच्या खोलीत मात्र खिळ्यांच्या दोन पेट्या आणि प्रूफ काढायचं हातयंत्र धूळ खात पडलं होतं. “काका, कशाला हात काळे करता? मी दोन मिनिटांत छापून देतो की,” तो म्हणाला. “नको,” मास्तर म्हणाले, “तुझं फार स्वच्छ येतं.” त्यांनी स्टिक उचलली. कुठला खण कुठे ते बोटं विसरली नव्हती. याही वेळी समोर कागद नव्हता. जुन्या हिशेबवहीच्या शेवटच्या कोऱ्या, पिवळट पानाचा तुकडा त्यांनी यंत्रावर ठेवला आणि एकच प्रत काढली.

‘शुद्धिपत्र. पृष्ठ ६२, उपाय ४३. शेवटचे वाक्य नजरचुकीने पडले आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे: दृष्टी कडेने कमी होत असल्यास हा उपाय एकटा पुरत नाही. वैद्याने डोळ्यांत घालावयास दिलेले औषध सकाळ-सायंकाळ न चुकता घालावे. दुपारचा अर्धा तास मात्र सोडू नये.’

शेवटचं वाक्य जागा भरायला नव्हतं. कागदावर अजून बोटभर जागा शिल्लक होती.

घरी येऊन त्यांनी ते शुद्धिपत्र मागच्या पुठ्ठ्याच्या अस्तरात अर्धवट खोचलं, इतक्या वर्षांत अस्तर सुटून आतलं बाहेर आल्यासारखं. एक कोपरा बाहेर दिसेल असं ठेवलं आणि पुस्तक तिच्या खाटेशेजारच्या तिवईवर, डाव्या हाताला, नेहमीच्या जागी ठेवून दिलं. तिचं तिलाच सापडायला हवं होतं.

पहिल्या दिवशी तिला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच तिवईवर पाण्याचा पेला ठेवला, तो कोपऱ्याला टेकला, तरी नाही. पिवळा कोपरा चांगला चार बोटं बाहेर होता. मास्तर समोरच्या भिंतीपाशी उभे राहून पाहत होते. डॉक्टरीणबाईंच्या यंत्रानं काय सांगितलं होतं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पुस्तक उचललं आणि तिच्या उजव्या हाताला ठेवलं.

“अहो!” पाचव्या मिनिटाला हाक आली. “हे बघा काय निघालं यातून!”

तिनं ते एकदा वाचलं, मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. तिचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे चाळीस वर्षं मी अर्धवटच करत होते?”

तिनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर सासूबाईंकडून शिकलेला भाव आला.

“हे पुस्तक तुम्हीच जुळवलं होतंत ना?”

“हो.”

“मग ही चूक तुमचीच! त्या बिचाऱ्यांनी बरोबर लिहून दिलं असणार. तुमचं लक्ष कुठे होतं? आणि शुद्धिपत्र छापलंत, तर ते नीट चिकटवायला नको? माणसाच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, काही जबाबदारी वाटत नाही का?”

“चुकलं माझं,” मास्तर म्हणाले. ते कानांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. “खरंच चुकलं गं. सगळं माझंच चुकलं.”

“बरं, आता रडू नका,” ती जरा नरमून म्हणाली. “ती बाटली आणा आधी.”

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा यंत्र लावलं. दाब उतरला होता. “आता आहे तेवढी नजर टिकेल, असंच चालू ठेवा,” त्या म्हणाल्या. बाईनं मुद्दाम पुस्तक बरोबर आणलं होतं, तिनं शुद्धिपत्र दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मधाचं आणि खेकड्याचं पान वाचून कपाळाला हात लावला, पण शुद्धिपत्र दोनदा वाचलं. “हे एवढं मात्र कुणा शहाण्या माणसानं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “ग्रंथकर्त्यांचे आजोबा,” बाईनं अभिमानानं सांगितलं. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

त्या दुपारी ती नेहमीप्रमाणे आडवी झाली. मास्तरांनी चौपदरी घडी भिजवून, पिळून तिच्या डोळ्यांवर ठेवली आणि डाव्या हाताच्या स्टुलावर बसले. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग तिनं स्वतःच घडी उचलली, डोळे उघडले, छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मास्तर तिच्या उशीपासून हातभर अंतरावर होते.

“कुठे गेलात हो?” तिनं विचारलं.

मास्तर उठले. स्टूल उचलून त्यांनी पायथ्याशी, बरोबर तिच्या समोर मांडलं आणि त्यावर बसले.

“इथेच आहे,” ते म्हणाले.

“मग बसा की,” ती म्हणाली. “असे मधेच उठून जात जाऊ नका.”